ड्रायव्हर सापडला नाही

चूक माझीच.
रात्री पावणेबाराला पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट आली,
नवी आवृत्ती तयार आहे, म्हणाली,
आणि मी शेंगाचटणीचं बोट शर्टाला पुसून
'हो' दाबलं.

सकाळी सगळं चकचकीत.
बटणांचे कोपरे गोल झालेले, रंग राखाडी,
आणि माझा आठ चॅनेलचा डबा,
पुण्याहून सेकंडहँड आणलेला, एसटीत मांडीवर धरून,
त्याचा हिरवा दिवा लागतो
पण कॉम्प्युटर म्हणतो,
असं कुणी इथं राहत नाही.

कंपनीला लिहिलं. कंपनीच बंद पडलेली.
त्याचं सोलापुरात काय कौतुक?
भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं
गिरणी गेल्यावरही तीच वेळ सांगतात इथं.
अडॅप्टरला अडॅप्टर लावला, त्याला तिसरा,
मेहुण्याच्या साडूच्या ओळखीनं काम काढावं तसा.
नाही.
नव्या पेठेतल्या मल्लिनाथ गुंटूकनं
डबा उघडला, आत फुंकर मारली, वास घेतला.
'ह्याला काय झालं नाय बे,' म्हणाला,
'ठणठणीत हाय. ओळखणारं कुणी उरलं नाय, येवढंच.'
पैसे घेतले नाहीत.

आणि शनिवारी अंबव्वाची गाणी द्यायची होती.

अंबव्वा दुड्याल, कुंभारीच्या विडी घरकुलातली.
सहा तेलुगू गाणी, तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे गायलेली.
मी आधी म्हटलं होतं, सूप बाहेर ठेवा, कात्री खाली ठेवा,
माईकमध्ये आवाज येतो.
तिनं ठेवली, आणि तालच सुटला.
दुसऱ्या ओळीला बाई हरवली, हात मांडीवर नुसते फिरले.
मग सूप आत आलं, तेंदूची पानं आली,
आणि कच्, कच्, कच्,
मेट्रोनोम बंद करून टाकला मी.

नवी आवृत्ती ती फाईल उघडतच नाही.
कपाटावर चादरीखाली जुनं मशीन होतं.
मागच्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा
त्याचे यूएसबी जळाले, सीडीचा ट्रे तर कधीच उघडत नाही,
नेट त्याला मी कधी दाखवलंच नाही.
चालू केलं. खोकल्यासारखं काहीतरी केलं त्यानं.
मग उघडली सहाही गाणी,
आणि डब्याला त्यानं बघताक्षणी ओळखलं.

आता उपाय एकच :
डब्याच्या पाठीतून दोन वायरी काढायच्या
आणि नव्या मशीनला जोडलेल्या उसन्या छोट्या डब्यात खुपसायच्या.
वायर आवृत्ती विचारत नाही.
फक्त घाई चालत नाही.
अठ्ठावीस मिनिटांची गाणी अठ्ठावीस मिनिटांतच जाणार,
बाई जेवढ्या वेळात गायली तेवढ्याच वेळात.

पण वायरीत घरघर.
एकाच फेजवर माझा स्टुडिओ आणि येमुलचे बारा लूम.
शेडमध्ये गेलो. ओरडून सांगावं लागलं,
अर्धा तास बंद ठेवता का?
येमुलनं हिशेब केला, तो तोंडावर दिसला :
किती टॉवेल, कुणाची किती मजुरी.
मग तेलुगूत विचारलं, कुणाचं गाणं?
मी नाव सांगितलं.
त्यानं एकेक करून बाराही पाडले.

इतकी शांतता साखर पेठेला झेपत नाही,
दोन-तीन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.
कामगार माझ्या उंबऱ्यापर्यंत आले, कानात सूत अडकलेले.
पडद्यावर आवाज उमटू लागला,
मधे मधे कात्रीच्या उभ्या बारीक रेघा,
ताण्याची सुतं दिसतात तशा.
कुणी बोललं नाही.
एकानं तंबाखू मळायला घेतली, हात तालावर आले,
त्याचं त्यालाच कळलं असावं, थांबला.

चौथ्या गाण्याच्या मधोमध लाईट गेली.

दोन्ही मशीनं, नवं आणि जुनं, एकदमच मेली.
मी अंधारात वायर हातात धरून उभा.
येमुल म्हणाला, 'लूम तर बंदच होते की,'
आणि सगळे हसले.
मग मागून कुणीतरी, बहुतेक तो तंबाखूवाला,
घसा खाकरून म्हणाला,
'पुढचं मला येतंय.
म्हणू का?'